हिरड्यांची वाढ आणि निदानपरिवर्जनाचा प्रश्न

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या चिकित्सालयांत येणाऱ्या रुग्णाचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे. पूर्वी एकच व्याधी घेऊन, एकाच वैद्याकडे येणारा रुग्ण आज तीन-चार तज्ज्ञांची औषधे एकाच वेळी घेत असतो, आणि त्या औषधांची पिशवी बहुधा घरी ठेवून येतो. आयुर्वेदाच्या वैद्यांना ती दाखवली तर ते रागावतील, असा त्याचा समज असतो. हा समज त्याच्या मनात कोणी निर्माण केला, याचा विचार आपण आपल्याशीच करावा. या लेखात आम्ही अशा एका लक्षणाविषयी लिहीत आहोत, की जे त्या पिशवीत काय आहे हे पाहिल्याशिवाय कळतच नाही. ते लक्षण म्हणजे प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांमुळे होणारी हिरड्यांची अतिवृद्धी.

अशी वाढ घडवणारे प्रमुख औषध सायक्लोस्पोरिन हे आहे. नॉर्वेतील हार्डांगरव्हिड्डा या पठारावरील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ते मिळवले गेले. 1978 मध्ये केंब्रिजच्या रॉय कॅल्न यांनी ते मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांत वापरले आणि 1983 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यापूर्वी मृत दात्याच्या मूत्रपिंडांपैकी जवळपास निम्मी पहिल्या वर्षातच निकामी होत असत. हे चित्र या एका औषधाने पालटले, ही गोष्ट पुढील विवेचनात वाचकांनी सतत ध्यानात ठेवावी. ज्या 1983 साली मान्यता मिळाली, त्याच साली त्याने हिरड्या वाढतात अशी नोंद दंतवैद्यकात झाली. असे औषध हे पहिलेच नव्हते. अपस्मारावरील फेनिटॉइनने हिरड्या वाढतात हे 1939 पासून ठाऊक होते, आणि 1984 मध्ये रक्तदाबावरील निफेडिपिनचे नाव या यादीत आले. आज आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिननेही ही वाढ होते, प्रमाण कमी असले तरी. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला रक्तदाब असतोच. त्यामुळे सायक्लोस्पोरिन आणि ॲम्लोडिपिन ही दोन्ही औषधे एकाच रुग्णाच्या पोटात जाणे ही नित्याची बाब आहे. अशा वेळी वाढ अधिक होते.

सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात ही वाढ लक्षात येण्याजोगी होते; मुलांत याहून बरीच अधिक. औषध सुरू झाल्यावर बहुधा पहिल्या तीन महिन्यांत आरंभ होतो. प्रथम दोन दातांमधील हिरडीचे टोक फुगते, पुढच्या दातांच्या ओठाकडील बाजूस विशेष, आणि हळूहळू ही टोके एकमेकांस मिळून दातांचा बराच भाग झाकून टाकतात. जेथे दात नाहीत तेथे सहसा वाढ होत नाही. यावरून दातांवर साचणाऱ्या किटणाचा या प्रकरणातील वाटा लक्षात यावा. औषध हे कारण खरे. पण किटणामुळे येणारा शोथ त्या कारणाला बळ देतो. हिरडी वाढली की दात नीट घासता येत नाहीत, न घासल्याने किटण वाढते, आणि किटणाने हिरडी आणखी सुजते, असे हे चक्र आहे.

वाढते ते नेमके काय? हिरडीतील तंतुपेशी एरवी तंतुमय द्रव्य निर्माण करतात आणि जुने झालेले मोडूनही टाकतात. सायक्लोस्पोरिनमुळे हे मोडून टाकण्याचे काम मंदावते, निर्मिती मात्र चालू राहते आणि द्रव्याचा संचय होतो. पेशींची संख्या फारशी वाढत नाही. पेशींबाहेरचे द्रव्य वाढते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर स्थानिक मांसधातूची वृद्धी आणि तीत कफाचा अनुबंध, अशी संप्राप्ती मांडता येईल. कोणी ती मांडल्यास आमचा विरोध नाही. सर्वांनाच ही वाढ का होत नाही, या प्रश्नावर आधुनिक वैद्यक जनुकांकडे बोट दाखवते आणि आपण प्रकृतीकडे. तेथेही भांडणाचे कारण दिसत नाही.

भांडण असेल तर ते नावाशी आहे. शालाक्यतंत्राचा अभ्यास करताना आपण सर्वांनी सुश्रुतोक्त पंधरा दंतमूलगत रोग पाठ केले आहेत. हिरडीवर मांस वाढलेले दिसले की ‘अधिमांस’ हे नाव जिभेवर येते. परंतु सुश्रुताचे अधिमांस हे शेवटच्या दाढेच्या ठिकाणचे, वेदनायुक्त आणि लालास्रावी आहे. अक्कलदाढेभोवतीच्या सुजेशी त्याचे साम्य अधिक. आपल्यासमोरची वाढ पुढच्या दातांची, बहुतांशी वेदनारहित आणि पसरणारी आहे. दंतपुप्पुटक दोन-तीन दातांपुरता मर्यादित असतो. रक्त येते म्हणून शीताद म्हणावे, तर गाळून पडणारी मृदू हिरडी येथे नाही. दात हलतात म्हणून उपकुश म्हणावे, तर दाह आणि पाक नाही. यांपैकी कोणतेही नाव चिकटवल्याने रुग्णाचे काही बिघडले नसते, जर नावामागोमाग चिकित्सा आली नसती. ती मात्र येते, आणि तेथे धोका आहे.

धोका पहिला, रक्तमोक्षणाचा. शीताद आणि उपकुश यांत रक्तविस्रावण हा आपला पहिला विचार असतो, आणि अलीकडे जलौकावचारणाला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. ते स्वागतार्हच आहे. परंतु जळवेच्या आतड्यात एरोमोनास हे जंतू स्वभावतःच वास करतात. प्लास्टिक सर्जरीमध्ये जळवा वापरणारे शल्यविशारदही त्यासाठी आधीपासून प्रतिजैविके देतात. ज्या रुग्णाची प्रतिकारशक्ती बुद्धिपुरस्सर दडपून ठेवलेली आहे, त्याच्या हिरडीवर जळू लावणे आम्हांस सर्वस्वी अयोग्य वाटते. तीक्ष्ण क्षारांचे प्रतिसारण, रखरखीत मंजने आणि शस्त्राने ओरखडणे यांविषयीही हेच म्हणावे लागेल. आपल्या ग्रामीण भागात हिरडीतून रक्त येऊ लागले की मिश्री लावण्याची जुनी खोड आहे, विशेषतः स्त्रियांत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. प्रत्यारोपणानंतर ओठ आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका एरवीपेक्षा वाढलेला असतो. त्यात मिश्रीची भर पडता कामा नये, हे रुग्णास स्पष्ट शब्दांत सांगावे.

धोका दुसरा, पोटात द्यावयाच्या कल्पांचा. वाढ, ग्रंथी, मांसवृद्धी असे काही दिसले की आपला हात कांचनार गुग्गुळाकडे जातो. कल्प उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. पण त्याचे घटक पाहावेत. त्यात त्रिकटू आहे. पिप्पली व मरिचातील पायपरीन अन्य औषधांचे शोषण वाढवते, हे 1980 च्या सुमारास जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्रिकटूला योगवाही म्हणणाऱ्या आपल्या परंपरेला त्याचा रास्त अभिमान वाटला. सायक्लोस्पोरिनचे विघटन आतड्यातील व यकृतातील ज्या यंत्रणेने होते, तीच यंत्रणा पायपरीन रोखते. त्याच कल्पात गुग्गुळही आहे. गुग्गुळाने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांची रक्तातील पातळी घटते, असे मानवी अभ्यासात दिसले आहे. म्हणजे एकाच गोळीत एक घटक सायक्लोस्पोरिनची पातळी वर ढकलणारा आणि दुसरा कदाचित खाली ओढणारा. एरवी अशा चढउताराने काही बिघडत नाही. सायक्लोस्पोरिनचे तसे नाही. त्याची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे, म्हणून त्याची रक्तातील पातळी वरचेवर मोजतात. पातळी वाढली तर ज्या मूत्रपिंडाचे रक्षण करायचे त्यालाच ते इजा करते; घटली तर शरीर परके मूत्रपिंड नाकारू लागते. पपनस खाल्ल्यानेदेखील ही पातळी वाढू शकते, मग त्रिकटूचे काय सांगावे! यष्टिमधु मुखरोगात आपल्या आवडीचे. पण ते पोटात सतत गेल्यास रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम घटवते. पारदादी रसकल्प अशा रुग्णास देऊ नयेत, हे सांगण्याची गरज पडू नये. तीच गोष्ट शोधनाची. अतिसार झाल्यास टॅक्रोलिमसची, म्हणजे सायक्लोस्पोरिनच्याच कुळातील दुसऱ्या औषधाची, पातळी वाढते हे सुविदित आहे. तेव्हा अशा रुग्णास विरेचन देण्याचा विचार मनातही आणू नये.

आपल्यापैकी अनेकजण मिश्र चिकित्सा करतात, ही गोष्ट येथे लपवण्याचे कारण नाही. हिरडी सुजलेली पाहून एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन आणि जोडीला डायक्लोफिनॅक लिहून देणारे हातही आपल्यातच आहेत. पहिली दोन्ही सायक्लोस्पोरिनची पातळी धोकादायक रीतीने वाढवतात आणि तिसरे मूत्रपिंडाला थेट अपाय करते. याच कुळातील ॲझिथ्रोमायसिनच्या अल्पकालीन योजनेने ही हिरडीची वाढ कमी होते असा अनुभव आहे आणि प्रत्यारोपण तज्ज्ञ ते कधीकधी देतातही. पण तो निर्णय त्यांनी पातळी मोजत घ्यावयाचा आहे.

धोका तिसरा आम्हांस सर्वांत मोठा वाटतो, आणि तो रसायनाचा आहे. रुग्ण कृश दिसतो, वारंवार सर्दी-खोकला होतो असे सांगतो, प्रत्यारोपण झाल्याचे सांगतो. साहजिकच वैद्याच्या मनात येते, याला गुडूची द्यावी, अश्वगंधा द्यावी, च्यवनप्राश द्यावा. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर केलेले काम आपण अभिमानाने सांगतो. ते व्याधिक्षमत्व वाढवण्याच्याच दिशेचे होते. अश्वगंधेवर पुण्यात झालेले आणि 1996 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोगही त्याच दिशेचे. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांचा उंदरांवरील परिणाम अश्वगंधेने सौम्य होतो, असे त्यांत आढळले. आपला हा दावा खरा असेल, आणि तो खरा आहे असे आम्हीही मानतो, तर त्याचा उलटा अर्थही आपणच स्वीकारला पाहिजे. ज्या रुग्णाचे नवे मूत्रपिंड केवळ प्रतिकारशक्ती दडपल्यामुळे टिकून आहे, त्याला प्रतिकारशक्ती वाढवणारे द्रव्य देणे हे त्या मूत्रपिंडाविरुद्ध काम करणे होय. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीबाबत आक्षेप घेतला आणि आपल्यातही मोठा वाद झाला. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. त्यात कोणाचाही पक्ष खरा ठरला, तरी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णापुरता निष्कर्ष बदलत नाही. रसायन निष्फळ असेल तर ते देण्यात अर्थ नाही, आणि सफल असेल तर ते देण्यात धोका आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावाहून एक तिशीतील गृहस्थ आमच्याकडे आले. आईने दिलेले मूत्रपिंड, शस्त्रक्रियेला दीड वर्ष झालेले. वरच्या पुढच्या दातांचा निम्मा भाग हिरडीने झाकलेला होता. ‘‘डॉक्टर, रक्त येतं म्हणून ब्रश बंदच केलाय,’’ असे ते म्हणाले. गावातील एका औषधालयातून, कोणत्याही वैद्यास न दाखवता, त्यांना अश्वगंधायुक्त अवलेह आणि कांचनार गुग्गुळ मिळाले होते आणि तीन आठवडे ते दोन्ही घेत होते. चेहऱ्यावर केस वाढलेले, हात पुढे केल्यावर सूक्ष्म कंप. हिरडी, केस आणि कंप ही तीन लक्षणे एकत्र दिसली की सायक्लोस्पोरिनची आठवण झालीच पाहिजे. पिशवी मागवली, तीत ते होते, आणि जोडीला ॲम्लोडिपिन. आम्ही अवलेह आणि गुग्गुळ दोन्ही बंद करण्यास सांगितले, त्यांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना पत्र लिहिले, आणि त्यात रुग्णाने कोणते आयुर्वेदीय कल्प किती दिवस घेतले हे घटकांसह नमूद केले. तज्ज्ञांनी पातळी तपासली, यथावकाश सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमस सुरू केले आणि रक्तदाबाचे औषधही बदलले. दंतवैद्यांनी किटण काढले. काही महिन्यांत हिरडी बरीच ओसरली, शस्त्रकर्म करावे लागले नाही. उल्लेखनीय गोष्ट अशी, की त्यानंतर त्या तज्ज्ञांनी आपण होऊन आम्हांस दूरध्वनी केला.

येथे काही वाचक म्हणतील, की हा तर ॲलोपॅथीचा दुष्परिणाम. निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा असे आपले शास्त्र सांगते, मग औषधच बंद का करू नये? हा प्रश्न आम्हांस सभांमधूनही विचारला गेला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक व्याधी दुसऱ्या व्याधीचे निदान होते, हा निदानार्थकर रोगांचा विचार चरकाने केलेलाच आहे; येथे औषध हे निदान झाले आहे, इतकेच. परंतु निदान ओळखणे वैद्याचे काम असले, तरी प्रत्येक निदानाचे परिवर्जन त्याच वैद्याने करावे असे शास्त्रात कोठेही नाही. सायक्लोस्पोरिन थांबवल्यास हिरडी ओसरेल, यात शंका नाही. मूत्रपिंडही जाईल. ते काम, म्हणजे एक औषध काढून दुसरे घालणे, मात्रा उतरवणे, पातळी मोजणे, ज्याच्या हाती साधने आहेत त्यानेच करावयाचे. ‘हे बंद करून बघा’ असे चार शब्द अशा रुग्णाला वैद्याने कधीही बोलू नयेत. आजकाल बहुसंख्य नव्या प्रत्यारोपणांत आरंभापासून टॅक्रोलिमसच देतात आणि त्याने हिरड्या क्वचितच वाढतात, म्हणून हा विषय जुना झाला असेही कोणास वाटेल. तसे नाही. जुने रुग्ण सायक्लोस्पोरिनवरच आहेत. शिवाय ते सोरायसिस, आमवातसदृश संधिशोथ, मुलांतील नेफ्रोटिक विकार आणि रक्तनिर्मिती थांबण्याच्या विकारातही दिले जाते. यांतील सोरायसिसचा रुग्ण तर आपल्या दारी हमखास येतो. कुष्ठाची चिकित्सा मागतो, पंचकर्म मागतो, आणि सकाळ-संध्याकाळ घेत असलेल्या कॅप्सूलविषयी चकार शब्द काढत नाही. आमच्या मते प्रत्यारोपणाच्या रुग्णापेक्षा हा रुग्ण अधिक अवघड आहे, कारण प्रत्यारोपण निदान लपवले जात नाही.

आपल्या हाती उरते ते थोडे, पण मोलाचे आहे. किटणाचे चक्र तोडणे हे काम वैद्यही करू शकतो. मऊ ब्रशने दोन वेळा दात घासावयास लावणे, रक्त आले तरी थांबू नये हे समजावणे, त्रिफळा किंवा खदिराच्या गाळलेल्या कोमट क्वाथाचा कवल देणे आणि तो गिळावयाचा नाही हे बजावणे, दर काही महिन्यांनी दंतवैद्यांकडे पाठवणे. दंतकर्मापूर्वी प्रतिजैविके द्यावयाची की नाही, हे प्रत्यारोपण तज्ज्ञ ठरवतील. हिरडीची वाढ एकाच बाजूस, वेगाने, व्रणयुक्त किंवा रंग पालटलेली असेल तर तिला औषधजन्य म्हणून सोडून देऊ नये. अशा रुग्णांत मुखात अर्बुदही उद्भवते, आणि तेथे तुकडा काढून तपासणे अटळ आहे. कोणतेही औषध चालू नसता हिरड्या अकस्मात फुगल्या, ज्वर आणि पांडुता सोबत असली, तर रक्ताचा कर्करोग मनात आणून त्याच दिवशी रक्ततपासणी करवावी.

औषधालयांच्या चालकांना आमची वेगळी विनंती आहे. हिरड्यांची तक्रार घेऊन येणारा रुग्ण आधी आपल्या फळीपाशी येतो, नंतर वैद्याकडे, हा आमचा अनुभव आहे. त्यास दंतमंजन देण्यापूर्वी एवढेच विचारावे, की सध्या काय चालू आहे. सँडिम्यून, निओरल, पॅनिम्यून बायोरल ही नावे ऐकली, किंवा मूत्रपिंड बदलल्याचे कळले, तर पोटात घेण्याचे कोणतेही आयुर्वेदीय औषध वैद्याच्या लेखी सल्ल्याशिवाय देऊ नये, च्यवनप्राशही नाही. डेपिन आणि एप्टोइन ही नावे ऐकल्यास हिरडी का वाढली याचा उलगडा आपल्यालाच होईल, आणि रुग्णास त्याच्या डॉक्टरांकडे परत धाडता येईल. एखादी विक्री बुडेल हे आम्हांस ठाऊक आहे.

आपल्या संघटनेने या कामी एक साधी गोष्ट करावी. वैद्याने आधुनिक तज्ज्ञास लिहावयाच्या पत्राचा एक नमुना तयार करावा: रुग्णास दिसणारी लक्षणे, घेतलेले आयुर्वेदीय कल्प, त्यांचे घटक वनस्पतिशास्त्रीय नावांसह, मात्रा आणि कालावधी, आणि शेवटी वैद्याचा नोंदणी क्रमांक व दूरध्वनी. कल्पाचे नाव एकटे लिहून भागत नाही. ‘कांचनार गुग्गुळ’ वाचून मूत्रपिंडतज्ज्ञास त्यात मिरी आहे हे कळण्याचा संभव नाही. हा नमुना पुढील अंकासोबत सुट्या पानावर छापून दिल्यास सभासदांना त्याच्या प्रती काढून चिकित्सालयात ठेवता येतील.